बावखलाचा ईशान्य कोपरा

बेडूक मला आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याकडून कुणी भूतदयेची अपेक्षा ठेवणार नाही. साप आवडत नाहीत, सरडे आवडत नाहीत, आणि पालीबद्दल तर बोलायलाच नको. तरी नशिबाने मला दिलं वटारच्या अशा घरात, जिथे या सगळ्यांचा मान सुनेच्या वर होता.

घरामागे बावखल होतं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वाडीत खणलेलं, ना पायऱ्या ना कठडा, खड्ड्याहून मोठं आणि तळ्याहून लहान. पावसाचं गोडं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, आसपासच्या विहिरी खारट होऊ द्यायचं नाही. केळी, पानवेली, नारळ सगळं त्याच्या जिवावर. पूर्वी म्हणे वर्षभर पाणी असे. मी लग्न होऊन आले तोवर घरोघरी बोअर झाल्या होत्या, आणि वैशाखात तळाशी नुसता गाळ उरायचा.

त्या गाळावरच आमचं वैर सुरू झालं. माझं आणि सासऱ्यांचं.

मी चंदनसारची, भातशेती करणाऱ्यांची मुलगी. आमच्याकडे बेडूक होते, पण ते शेतात. घरात यायची त्यांची छाती नव्हती. माझ्या बोलण्यात 'पानी' आलं की सासरे लगेच 'पाणी' म्हणून मला ऐकवायचे, जणू मी मागितलेलं पाणी खोटं होतं. स्वतः मात्र घरात आपल्या बोलीत बोलायचे, जी मला पहिली दोन वर्षं निम्मी कळत नव्हती. मी इथे ते बोलणं साध्या मराठीत लिहिते आहे. त्यातला खवचटपणा कुठल्याही बोलीत तेवढाच राहतो.

लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात गाळ उपसायला मलाही उभं केलं. दरवर्षीचा रिवाज होता. घरातल्या सगळ्यांनी उतरायचं, फावड्याने गाळ काढायचा, घमेल्यातून नेऊन केळीच्या बुंध्याशी टाकायचा. पाचव्या की सहाव्या खेपेला डोक्यावरचं घमेलं हललं. मला वाटलं, माझीच मान लटपटते आहे. मग घमेल्यातून एक ढेकूळ उठलं आणि माझ्या खांद्यावर उतरलं. त्याला डोळे होते. मी घमेलं फेकलं ते सासूबाईंच्या पायावर, आणि अशी किंचाळले की शेजारच्या तीन वाड्यांतली माणसं कुंपणाशी आली. सासरे हसत सुटले. हसता हसता गाळातच खाली बसले. मग त्यांनी तो बेडूक उचलला, फुंकर मारून त्याच्या डोळ्यांवरची माती काढली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "घाबरू नको सूनबाई. तो तुझ्या आधीपासून इथे राहतो."

नव्या नवरीला चारचौघांत बेडकाच्या खालची जागा दाखवली. ते हसणं मी तीस वर्षं विसरले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही.

त्याच दिवशी मला ईशान्येचा कोपरा कळला. बावखलाच्या ईशान्य कोपऱ्याला फावडं लावायचं नाही, हा सासऱ्यांचा नियम. तिथला गाळ तसाच ठेवायचा. उपसताना जो बेडूक सापडेल तो तिथे नेऊन ओल्या चिखलाखाली पुन्हा झोपवायचा. वरचा थर वाळून भेगाळला तरी खाली हातभर ओल राहते, आणि तिथे ते पाऊस पडेपर्यंत पडून असतात. खाणं नाही, पिणं नाही, हालचाल नाही. "पाणी आटलं म्हणजे बावखल रिकामं झालं असं समजायचं नाही," सासरे म्हणायचे. "भाडेकरू आत झोपलेत." लोक ईशान्येला देवघर ठेवतात. आमच्याकडे तिथे बेडूक.

सासऱ्यांना पंचांग लागत नसे. कुंपणावरचा सरडा गळ्यापासून लाल व्हायला लागला की म्हणायचे, कौलं शाकारून घ्या. ज्येष्ठात दोन धामणी वाडीत उभ्या राहून एकमेकींना पीळ घालू लागल्या की मला मुद्दाम हाक मारून दाखवायचे. माझ्या आईने सांगून ठेवलं होतं, असा सापांचा जोड दिसला तर त्यावर कोरा कपडा टाकावा, घरात बरकत येते. मी एकदा नवा ब्लाउजपीस घेऊन धावले. सासरे म्हणाले, "ती जोडी नाही. दोन नर भांडतायत. आपल्या घरात रोज चालतं तेच." मी ब्लाउजपीस घडी करून परत कपाटात ठेवला.

पावसाळ्यात मोठे बेडूक पिवळेधम्मक होऊन बावखलभर ओरडायचे. इतके, की स्वयंपाकघरात मी काय बोलते ते नवऱ्याला ऐकू जायचं नाही, आणि त्याला ते सोयीचंच होतं. भाद्रपदात बोटाच्या पेराएवढी पिल्लं ओट्याखाली, चपलांत, देवाच्या ताम्हनात. त्यांच्या मागे दिवड, म्हणजे पाणसाप. दिवड बिनविषारी, हे मला कुणी सांगायला नको, पण चावते कडाडून आणि शरम तिला नाही. थंडीत आवाज बंद व्हायचा, तर सकाळच्या उन्हाला काठावर साप येऊन पडायचे. एका पौषात न्हाणीघराच्या वाटेवर नारळाच्या झावळीखाली घोणस निघाली, आणि कुकरची शिट्टी अडकल्यासारखी फुसफुसत बसली. मी म्हटलं मारा. सासरे म्हणाले, ऊन खाऊन जाईल. दोन तास मी न्हाणीघरात जाऊ शकले नाही. ती गेली, हे खरं आहे. पण माझे दोन तास गेले त्याचं काय.

हे सगळं मी तीस वर्षं सोसलं असं नवरा म्हणतो. खोटं आहे ते. मी सोसलं नाही, रोज भांडले. सासूबाई गेल्या, मुलगी लग्न होऊन गेली, तरी आमचं भांडण तरुणच राहिलं. शेवटी एका भाद्रपदात घडी घातलेल्या कपड्यांच्या टोपलीत हात घातला तर दोन चादरींच्या मध्ये दिवड. त्या दिवशी मी जाहीर करून टाकलं, की एक तर हे बावखल राहील नाही तर मी. सासरे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तुझी बॅग माळ्यावर आहे."

पुढच्या मार्चमध्ये ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्यातून ताप आला, मुक्काम लांबला. एप्रिलअखेर डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण आता उठून चालणं कठीण.

मधल्या काळात मी बावखल बुजवलं.

नवऱ्याने एवढंच विचारलं, "बाबांना कळलं तर?" मी म्हटलं, सांगणार कोण? त्यांची खाट मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत हलवली, सबब अशी की डॉक्टरला येणंजाणं सोपं पडेल. मागची खिडकी त्यांना आता दिसणार नव्हती. नवऱ्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. ती त्याला जन्मापासून जमते.

आचोळ्याला पाडलेल्या कुठल्याशा इमारतीचं डबर ट्रकने आलं. विटा, प्लास्टर, निळ्या टाइल्सचे तुकडे. बावखल तेव्हा कोरडं, वर भेगा पडलेल्या. जेसीबीवाल्याने खाली उतरून पायाने दाबून पाहिलं. मला म्हणाला, "आंटी, अंदर गीला है. नीचे कुछ जानवर-वानवर तो नहीं?"

नवऱ्याला कोपऱ्यातले बेडूक ही बाबांची नुसती गोष्ट वाटायची. तो कधी गाळात नीट उतरलाच नव्हता. मी उतरले होते. मी त्यातला एक डोक्यावर वाहून नेला होता. ईशान्येच्या कोपऱ्यात हातभर खाली काय झोपलं आहे हे त्या आवारात उभ्या असलेल्या माणसांत फक्त मला ठाऊक होतं.

"कुछ नहीं. सूखा है. डालो," मी म्हटलं.

त्याने कोपऱ्यापासूनच सुरुवात केली, कारण ट्रक तिकडून आत येत होता. संध्याकाळपर्यंत सपाट झालं. वर लाल माती टाकून घेतली. सुंठेवाचून खोकला गेला असं मला वाटलं, आणि त्या रात्री झोपही चांगली लागली. लागली नाही असं लिहिलं असतं तर मी बरी दिसले असते.

सासरे घरी आले. पहिल्याच दिवशी विचारलं, "बावखल आटलं?"

"आटलं," मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

मे महिना निभावला. उन्हाळ्यात बावखल मुकंच असतं. जूनमध्ये पाऊस धरला आणि त्यांचे प्रश्न सुरू झाले.

"सूनबाई, बेडूक आले का?"

"अजून पाऊस कुठे पडलाय पुरता."

चार दिवसांनी पुन्हा. "आता तरी?"

"तुम्हाला इथे पुढे ऐकू येत नसेल."

"मला तुझी भांडी ऐकू येतात. बेडूक नाही येणार?"

रोज सकाळी चहा देताना आणि रोज दिवेलागणीला हाच प्रश्न. मी म्हटलं गाळ उपसला नाही म्हणून असेल. मी म्हटलं यंदा सगळीकडेच कमी आहेत. माझंच मला हसू येत होतं आणि रागही येत होता. ज्या आवाजाला मी तीस वर्षं शिव्या घातल्या, तो का नाही याची कारणं मी रोज शोधत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात बेडूक बसले होते.

शेवटी मी मोबाइलवर शोधलं. बेडकांचा आवाज, सलग एक तास, कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवलेला. दिवेलागणीला मागच्या खिडकीत बादली आडवी ठेवून तिच्यात मोबाइल ठेवला, म्हणजे आवाज घुमेल. पुढच्या खोलीत गेले तेव्हा सासरे मान वळवून ऐकत होते.

"आले वाटतं," म्हणाले.

"आले की."

चार संध्याकाळी मी हा उद्योग केला. चौथ्या दिवशी मी त्यांच्या पायाला तेल लावत असताना ते म्हणाले, "सूनबाई, आपण कुत्रा कधी आणला?"

"कुठला कुत्रा?"

"बेडकांमधला. तू दिवा लावलास की थोड्या वेळाने दोनदा भुंकतो. मग एक ट्रक जातो. मग पुन्हा बेडूक. काल पण तसंच. परवा पण."

मी तेलाची वाटी खाली आपटली. मला लाज वाटायला हवी होती, पण मला राग आला. पकडली गेले म्हणून आला.

"हो, बुजवलं," मी म्हटलं. "मी बुजवलं. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा. तुमच्या मुलाला विचारून, पण ठरवलं मी. काय म्हणायचंय ते म्हणा."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मला घरी आणलंत त्याच दिवशी कळलं. मागून वारा आला तो कोरडा होता. आटलेल्या बावखलाला पण ओल्या गाळाचा वास असतो."

"मग दीड महिना मला छळत का होतात? मी किती खोटं बोलते ते मोजायला?"

"तेही. पण जास्त दुसरंच. कोपऱ्यातला एखादा जरी वर आला असता तरी पहिल्यांदा तुलाच दिसला असता. तू किंचाळली असतीस. ते मला इथे ऐकू आलं असतं." मग छताकडे बघत म्हणाले, "तू किंचाळली नाहीस."

मी सांडलेलं तेल पदराने पुसलं.

"कोपरासुद्धा?"

"कोपऱ्यापासूनच सुरुवात केली."

"आणि तुला ठाऊक होतं."

हा प्रश्न नव्हता. मी उठून हात धुतले. साबण दोनदा लावला तरी तेल जाईना. दीड महिना तो माणूस रोज दोन वेळा माझी किंचाळी ऐकायला कान लावून पडला होता, आणि मी आपली डबरावर वाळत घातलेले कपडे काढून आणत होते, अगदी निर्धास्त. मला त्यांचा इतका संताप आला होता, की तो संताप त्यांच्यावरच आहे का हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पुढे त्यांनी बेडकांचं नाव काढलं नाही. चहा घेत, औषध घेत, तोंड भिंतीकडे करून पडून राहत. घर इतकं शांत आजवर कधी नव्हतं. मला हवं होतं तसं.

श्रावणात सलग तीन दिवस पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायची दोरी आवळायला मागे गेले, तर ईशान्येच्या बाजूला भराव खचला होता. काठालगत परातीएवढा खळगा, त्यात गढूळ पाणी, निळ्या टाइलचे तुकडे, आणि एक ढेकूळ. ढेकळाला डोळे होते.

किंचाळी घशापर्यंत आली होती. मी ती गिळली. का गिळली ते नीट सांगता येणार नाही. कदाचित त्यांना ते समाधान द्यायचं नव्हतं. कदाचित किंचाळले असते तर तो पळाला असता, अशी भीती वाटली. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्याला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा. तो पळाला नाही. पळण्याइतकं त्याच्या अंगात काही उरलंच नव्हतं. कातडी सैल, मागचे पाय काड्यांसारखे.

तशीच चिखलाच्या हातांनी पुढच्या खोलीत गेले आणि सासऱ्यांच्या छातीवरच्या चादरीवर त्याला ठेवला. सासऱ्यांनी चष्मा मागितला नाही. हाताने चाचपला. बोटाने त्याच्या डोळ्यांवरची माती काढली.

"कोपऱ्यातून?"

"कोपऱ्यातून."

"किंचाळली नाहीस."

"नाही."

"आता याला सोडणार कुठे?" त्यांनी विचारलं. खवचटपणे नाही. खरंच विचारलं, आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी त्याला बादलीत घातला, त्याच बादलीत, वर फडकं बांधलं आणि पावसात बाहेर पडले. शेजारच्यांच्या बावखलावर आता हिरवळ आहे, शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे तिथे खुर्च्या टाकून बसतात. त्यापुढच्यांनी दोन वर्षांपूर्वी बुजवलं, तेव्हा मीच जाऊन त्यांना विचारून आले होते की जेसीबी कुणाचा. त्यापुढे लग्नाचा मंडप घालायची जागा. एक बावखल उरलं होतं ते रस्त्यापलीकडे, ज्या घराशी रस्त्यात सरकलेल्या कुंपणावरून आमचा अबोला आहे त्यांचं. तो अबोला मीच सुरू केलेला.

घरातली बाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी बादली पुढे केली आणि म्हटलं, बेडूक आहे, तुमच्या बावखलात सोडू का. तिने बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी त्या वैशाखातली किंचाळी तिने कुंपणाशी उभं राहून ऐकली होती. "तू?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा तांदळात मान घातली. हसली असती तर मी तिथेच भांडले असते. ती हसली नाही, त्यामुळे मला तसंच बावखलाच्या काठावर जावं लागलं.

पाण्यात सोडल्यावर तो क्षणभर तरंगत राहिला. मग गेला.

परत आले तेव्हा सासऱ्यांची चादर बदललेली नव्हती. त्यावर मातीचा डाग तसाच होता.

"सोडला?"

"सोडला. रस्त्यापलीकडच्यांकडे."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "तिकडून इथवर ऐकू येईल का?"

इतके दिवस मी त्यांना दर वेळी काहीतरी सांगत आले होते.

"नाही येणार, बाबा," मी म्हटलं.

"तरी ती रस्त्याकडची खिडकी उघडी ठेव."

ठेवली. ते पौषात गेले, सकाळी, सगळीकडे चिडीचूप असण्याच्या दिवसांत. त्या खोलीत आता कुणी झोपत नाही. नवरा सारखा म्हणतो खिडकी लाव, डास येतात. येऊ देत.